ईमॅक्स लिस्पमधील अंगभूत चले

ग्नू ईमॅक्स या मजकूर संपादकातील बहुसंख्य चले, म्हणजेच व्हेरिएबल्स, ईमॅक्स लिस्प या भाषेत लिहिलेल्या फाइलींमध्ये निर्माण होतात. काही चलांची व्याख्या मात्र संपादकाच्या सी भाषेतील मूळ कोडमध्येच केलेली असते. अशा चलांना अंगभूत चले म्हणतात. त्यांची किंमत सी भाषेतील एका ठरावीक स्मृतिस्थानी साठवलेली असते आणि लिस्पमधील नाव त्याच स्थानाकडे निर्देश करते. त्यामुळे लिस्प प्रोग्रॅमने केलेला बदल सी कोडला आणि सी कोडने केलेला बदल लिस्पला, कोणतीही प्रत न काढता, तत्काळ दिसतो. अशा व्याख्येसाठी ईमॅक्सच्या कोडमध्ये डेफव्हार_लिस्प, डेफव्हार_इंट, डेफव्हार_बूल आदी मॅक्रो आहेत.

मूळ कोडमध्ये ही सर्व नावे रोमन लिपीत असतात. या लेखात ती देवनागरीत लिहिली आहेत.

## पार्श्वभूमी

ईमॅक्सचा पहिला अवतार 1976 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको या संपादकाच्या मॅक्रोंचा संच म्हणून तयार झाला. 1978 मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या संगणक प्रणालीसाठी लिहिलेला ईमॅक्स मॅकलिस्प या लिस्पच्या बोलीत होता. संपादकाचा विस्तार करण्यासाठी लिस्प अत्यंत सोयीची आहे, हे त्यातून दिसून आले. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1984 मध्ये ग्नू ईमॅक्सचे काम सुरू केले आणि 1985 मध्ये तो सार्वजनिकरीत्या उपलब्ध झाला.

ग्नू ईमॅक्सची रचना दुस्तरीय आहे. स्मृतीचे व्यवस्थापन, पडद्यावरील चित्रण, कळफलकाकडून येणारी माहिती, बफरमधील मजकुराची साठवण आणि लिस्पचा इंटरप्रिटर हा गाभा सी भाषेत आहे. संपादनाच्या बहुतेक आज्ञा, विविध भाषांसाठीच्या कार्यपद्धती आणि वापरकर्त्याची वैयक्तिक मांडणी लिस्पमध्ये असते. गाभ्याचे वर्तन लिस्पमधून बदलता यावे, हे या रचनेचे मुख्य उद्दिष्ट होय. त्यासाठी दोन्ही स्तरांना एकाच वेळी वाचता आणि लिहिता येईल अशा सामायिक किमतींची गरज पडते. अंगभूत चले ही गरज भागवतात.

## मूलभूत कल्पना

अंगभूत चलाला दोन नावे असतात, पण साठवणीची जागा एकच असते. ईमॅक्समधील काम थांबवण्याच्या यंत्रणेवरून हे स्पष्ट होते. वापरकर्त्याने कंट्रोल-जी ही कळजोडी दाबली, की सी कोड क्विट-फ्लॅग या चलात खरेपणाची किंमत ठेवतो. दीर्घ काळ चालणारे काम करताना इंटरप्रिटर ठिकठिकाणी दोन गोष्टी तपासतो : क्विट-फ्लॅग खरे आहे का, आणि इनहिबिट-क्विट हे दुसरे चल निल, म्हणजे असत्य, आहे का. दोन्ही अटी पूर्ण झाल्यास चालू काम सोडून दिले जाते.

इनहिबिट-क्विट हे अंगभूत चल आहे. एखाद्या लिस्प प्रोग्रॅमला आपले नाजूक काम मध्येच तुटू द्यायचे नसेल, तर तो या चलाला तात्पुरती सत्य किंमत देतो. सी कोडमधील तपासणी तेच स्मृतिस्थान वाचत असल्याने पुढच्याच तपासणीत हा बदल लागू होतो. येथे लिस्पने सी स्तराला कोणताही निरोप पाठवलेला नसतो. त्याने केवळ एका चलाची किंमत बदललेली असते.

लिस्पमध्ये व्याख्या केलेली चलेही सी कोडला वाचता येतात, पण त्यासाठी सिम्बॉलमार्फत त्याची किंमत मिळवावी लागते आणि त्या चलाला किंमतच दिलेली नसण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. अंगभूत चल मात्र सी कोडच्या दृष्टीने साधे जागतिक चल असते. पडदा पुन्हा रंगवताना चित्रणाचा कोड अनेक चले वारंवार वाचतो. अशा ठिकाणी ही सोय महत्त्वाची ठरते.

## व्याख्येची रचना

डेफव्हार_लिस्प आणि तत्सम मॅक्रोंना सामान्यतः तीन गोष्टी द्याव्या लागतात : चलाचे लिस्पमधील नाव, सीमधील नाव आणि चलाचे वर्णन. उदाहरणार्थ, किती अक्षरांहून लांब ओळीवर इशारा द्यावा हे ठरवणारे एक काल्पनिक चल पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

    डेफव्हार_इंट ("इशारा-मर्यादा", इशारा_मर्यादा,
      डॉक: /* याहून अधिक अक्षरे असलेल्या ओळीवर इशारा द्यावा. */);
    इशारा_मर्यादा = 80;

### नावांचे संकेत

लिस्पमधील नावांत शब्द जोडण्यासाठी संयोगचिन्ह वापरतात. सी भाषेत ते वजाबाकीचे चिन्ह असल्याने त्याच्या जागी अधोरेषा येते. कोणतीही लिस्प वस्तू धारण करू शकणाऱ्या चलाच्या सीमधील नावाआधी व्ही हे अक्षर जोडण्याचा प्रघात आहे. म्हणून लिस्पमधील लोड-पाथ हे सीमध्ये व्हीलोड_पाथ होते. पूर्णांक किंवा सत्य-असत्य धारण करणाऱ्या चलांना हे अक्षर लावत नाहीत. त्यामुळे नाव पाहताच चलाचा प्रकार ओळखता येतो. याच धर्तीवर सीमध्ये लिहिलेल्या लिस्प फंक्शनांच्या नावाआधी एफ, तर सिम्बॉलांच्या नावाआधी क्यू हे अक्षर असते.

### व्याख्येचे स्थान

सी भाषेत चलाची घोषणा फंक्शनाबाहेर करता येते, पण डेफव्हार मॅक्रो हे प्रत्यक्ष चालवावे लागणारे विधान आहे. म्हणून प्रत्येक सी फाइलीच्या शेवटी सिम्स_ऑफ या शब्दांनी सुरू होणारे एक फंक्शन असते आणि त्या फाइलीतील सर्व व्याख्या त्यात लिहिल्या जातात. एलरीड या फाइलीसाठी ते सिम्स_ऑफ_एलरीड, तर अ‍ॅलॉक या फाइलीसाठी सिम्स_ऑफ_अ‍ॅलॉक असते. ही फंक्शने ईमॅक्सच्या मुख्य फंक्शनातून एकामागून एक बोलावली जातात. नवी सी फाइल जोडताना तिचे फंक्शन या यादीत घालण्याचे राहून गेले, तर कोड कंपाइल होऊनही त्यातील चले लिस्पला अज्ञातच राहतात.

### आरंभीची किंमत

आरंभीची किंमत मॅक्रोनंतर स्वतंत्र विधानाने दिली जाते. ईमॅक्स तयार करताना आधी प्राथमिक प्रोग्रॅम चालवून त्यात मूलभूत लिस्प फाइली भरतात आणि त्या अवस्थेची साठवण करतात. या साठवणीला डंप म्हणतात. सिम्स_ऑफ फंक्शनांतील व्याख्या या निर्मितीच्या टप्प्यातील असतात. वापरकर्त्याच्या यंत्रावर किंवा परिसरावर अवलंबून असलेल्या किमती तेथे ठरवून चालत नाही, कारण डंप एका यंत्रावर तयार होऊन दुसऱ्यावर वापरला जाऊ शकतो. अशा किमती इनिट या शब्दाने सुरू होणाऱ्या फंक्शनांत, प्रत्येक प्रारंभाच्या वेळी दिल्या जातात. लिस्प फाइली कोणत्या निर्देशिकांत शोधाव्यात हे सांगणारे लोड-पाथ हे चल याचे उदाहरण होय.

## मॅक्रोंचे प्रकार

- डेफव्हार_लिस्प : सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार. अशा चलात संख्या, अक्षरमाला, यादी, सिम्बॉल यांपैकी कोणतीही लिस्प वस्तू ठेवता येते.
- डेफव्हार_लिस्प_नोप्रो : वरीलप्रमाणेच, मात्र कचरा संकलनापासून संरक्षणाची नोंद यात आपोआप होत नाही. चलातील वस्तू अन्य मार्गाने सुरक्षित असल्याची खात्री असेल तरच याचा वापर होतो.
- डेफव्हार_इंट : सी भाषेतील पूर्णांक. पूर्ववत करण्यासाठी राखलेल्या माहितीची मर्यादा ठरवणारे अनडू-लिमिट आणि कचरा संकलनाशी संबंधित जीसी-कॉन्स-थ्रेशोल्ड ही याची उदाहरणे आहेत.
- डेफव्हार_बूल : केवळ सत्य किंवा असत्य. घंटेच्या आवाजाऐवजी पडदा लुकलुकवणारे व्हिजिबल-बेल हे चल या प्रकारचे आहे.
- डेफव्हार_पर_बफर : प्रत्येक बफरच्या अंतर्गत रचनेतच जागा असलेले चल. ओळीची रुंदी ठरवणारे फिल-कॉलम आणि टॅबची रुंदी ठरवणारे टॅब-विड्थ ही चले अशी आहेत. या मॅक्रोला किंमत तपासण्याची अटही द्यावी लागते.
- डेफव्हार_केबोर्ड : प्रत्येक टर्मिनलसाठी वेगळी किंमत असलेले चल. नुकतीच दिलेली आज्ञा नोंदवणारे लास्ट-कमांड हे त्याचे उदाहरण होय. एकच ईमॅक्स अनेक टर्मिनलांवर चालू असताना एका ठिकाणच्या आज्ञेचा दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीत गोंधळ होऊ नये, यासाठी ही व्यवस्था आहे.

## अंतर्गत कार्यपद्धती

लिस्पमधील प्रत्येक सिम्बॉलच्या रचनेत त्याची किंमत कोठे आहे हे सांगणारी खूण असते. साध्या चलाची किंमत सिम्बॉलमध्येच असते. दुसऱ्या चलाचे टोपणनाव असल्यास मूळ सिम्बॉलचा निर्देश असतो. बफरनिहाय बदलणाऱ्या चलासाठी तिसरी, तर अंगभूत चलासाठी अग्रेषित अशी चौथी खूण असते. अग्रेषित सिम्बॉलमध्ये प्रत्यक्ष किमतीऐवजी एका लहानशा वर्णनरचनेचा पत्ता असतो आणि त्या रचनेत चलाचा प्रकार व सीमधील स्मृतिस्थानाचा पत्ता असतो.

डेफव्हार मॅक्रो चालतो तेव्हा दिलेल्या नावाचा सिम्बॉल शोधला किंवा निर्माण केला जातो, वर्णनरचना भरली जाते, सिम्बॉलवर अग्रेषित ही खूण केली जाते आणि तो विशेष चल असल्याची नोंद होते. पुढे लिस्पने किंमत मागितली, की इंटरप्रिटर वर्णनरचनेतील प्रकार पाहतो. लिस्प वस्तू असल्यास ती जशीच्या तशी देतो, सी पूर्णांकाचे लिस्प पूर्णांकात रूपांतर करतो आणि सत्य-असत्याच्या जागी टी किंवा निल देतो. किंमत लिहिताना हीच क्रिया उलट दिशेने होते. लिस्पच्या बाजूने वाचनात एक टप्पा वाढतो, तर सीच्या बाजूने कोणताही टप्पा लागत नाही.

## कचरा संकलनापासून संरक्षण

ईमॅक्समध्ये वापरात नसलेल्या लिस्प वस्तूंची स्मृती आपोआप मोकळी केली जाते. संकलक काही ज्ञात मुळांपासून सुरुवात करतो, तेथून पोहोचता येणाऱ्या सर्व वस्तूंवर खूण करतो आणि उरलेल्या वस्तू कचरा समजून त्यांची जागा परत घेतो. सी भाषेतील जागतिक चलात एखाद्या वस्तूचा पत्ता आहे, ही गोष्ट संकलकाला आपणहून कळत नाही.

ती सांगण्यासाठी स्टॅटिकप्रो हे फंक्शन आहे. त्याला चलाचा पत्ता दिल्यावर तो मुळांच्या यादीत नोंदवला जातो. डेफव्हार_लिस्प हे काम स्वतःच करते. सत्य-असत्य व पूर्णांक प्रकारांत लिस्प वस्तू नसल्याने तेथे नोंदीची आवश्यकता नसते. परंतु लिस्पला न दाखवता केवळ सी कोडच्या अंतर्गत उपयोगासाठी ठेवलेल्या जागतिक चलात लिस्प वस्तू असेल, तर प्रोग्रॅमरने स्टॅटिकप्रो स्वतः लिहावे लागते.

ही नोंद विसरल्यास होणारी चूक शोधणे कठीण असते. संकलक वस्तूची जागा मोकळी करतो, तीच जागा दुसऱ्या वस्तूला मिळते आणि सीमधील चल मात्र जुन्याच पत्त्याकडे निर्देश करत राहते. संपादक बंद पडतो तो बहुधा मूळ चुकीपासून दूर, असंबद्ध वाटणाऱ्या ठिकाणी आणि बऱ्याच वेळानंतर. कचरा संकलन केव्हा होईल हे स्मृतीच्या वापरावर अवलंबून असल्याने तीच कृती पुन्हा केली तरी चूक दिसेलच असे नाही.

## किमतींवरील बंधने

लिस्पमध्ये निर्माण केलेल्या चलाला कोणत्याही प्रकारची किंमत देता येते. अंगभूत चलांपैकी डेफव्हार_लिस्प प्रकारच्या चलांनाही हे स्वातंत्र्य आहे. इतर प्रकारांत मात्र सी भाषेतील साठवणीमुळे मर्यादा येतात.

अनडू-लिमिट या चलाला 1000.0 ही दशांश संख्या देण्याचा प्रयत्न केल्यास चुकीच्या प्रकाराची किंमत दिल्याची त्रुटी उद्भवते. सत्य-असत्य प्रकारात त्रुटी येत नाही, पण किंमत बदलते : निल सोडून काहीही दिले, तरी वाचताना टी मिळते. काम सुरू असल्याचे दाखवणाऱ्या डिस्प्ले-अवरग्लास या चलात 5 ठेवल्यास परत 5 न मिळता टी मिळते. लिहिलेली किंमत आणि वाचलेली किंमत सारखीच असेल, असे लिस्पचा बाइट-कंपायलर एरवी गृहीत धरू शकतो. येथे ते खरे नसल्याने अशा सर्व चलांची नोंद बाइट-बूलियन-व्हार्स या यादीत ठेवली जाते आणि कोड सुधारताना कंपायलर ती पाहतो.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 27व्या आवृत्तीपासून ईमॅक्स लिस्पमध्ये कितीही मोठे पूर्णांक हाताळता येतात. डेफव्हार_इंट प्रकारच्या चलातील पूर्णांक मात्र सीच्या पूर्णांक प्रकारात मावणाराच असावा लागतो.

## तात्पुरते बदल

लेट या लिस्प रचनेने चलाला मर्यादित काळासाठी नवी किंमत देता येते. 2012 मधील 24व्या आवृत्तीपासून ईमॅक्स लिस्पमध्ये शब्दिक व्याप्तीही उपलब्ध झाली. तीत लेटने निर्माण केलेले चल केवळ त्या मजकुरापुरते दिसते. अंगभूत चले विशेष म्हणून नोंदलेली असल्याने त्यांना हा नियम लागू होत नाही. त्यांच्या बाबतीत लेट जुनी किंमत बाजूला ठेवते, सामायिक स्मृतिस्थानी नवी किंमत लिहिते आणि काम संपल्यावर जुनी परत ठेवते. दरम्यान चाललेल्या सर्व कोडला, सी कोडसह, नवी किंमत दिसते.

सी कोडला असा तात्पुरता बदल करायचा असेल, तर साधे विधान लिहून शेवटी जुनी किंमत परत देणे पुरेसे नसते. मध्येच त्रुटी उद्भवल्यास नियंत्रण थेट बाहेर उडी घेते आणि परत देण्याचे विधान चालतच नाही. म्हणून सी कोडमध्ये स्पेकबाइंड हे फंक्शन वापरतात. त्यामुळे त्रुटी आली तरी जुनी किंमत परत येते.

## बदलाची दखल

सामायिक स्मृतिस्थानामुळे नवी किंमत दोन्ही बाजूंना उपलब्ध होते, पण बदल झाल्याची वर्दी कोणालाही मिळत नाही. सी कोड प्रत्येक वेळी चल नव्याने वाचत असेल, तर अडचण येत नाही. चलाच्या किमतीवरून काढलेली दुसरी एखादी संख्या त्याने जपून ठेवली असेल, तर मात्र ती शिळी होते.

जीसी-कॉन्स-थ्रेशोल्ड हे याचे उदाहरण आहे. किती बाइट स्मृती नव्याने वापरल्यावर संकलन करावे, हे ते ठरवते. त्याची आरंभीची किंमत 64 बिटांच्या यंत्रांवर 8,00,000, तर सामान्य 32 बिटांच्या यंत्रांवर 4,00,000 आहे. पुढच्या संकलनाला किती बाइट उरले याचा हिशेब सी कोड वेगळा ठेवतो. वापरकर्त्याने मर्यादा बदलल्यास हा हिशेब पुन्हा करावा लागतो. त्यासाठी 2018 मधील 26व्या आवृत्तीत आलेल्या चल-निरीक्षकांचा उपयोग केला जातो. निरीक्षक म्हणजे चलाची किंमत बदलली जात असताना आपोआप बोलावले जाणारे फंक्शन होय.

निरीक्षकांनाही एक मर्यादा आहे. लिस्पमार्फत झालेला बदल त्यांना कळतो; सी कोडने स्मृतिस्थानी थेट लिहिलेली किंमत त्यांना कळत नाही. ईमॅक्सपासून फुटून निघालेल्या एक्सईमॅक्समध्ये याच अडचणीवर वेगळा उपाय होता : तेथे किंमत बदलताना बोलवायचे फंक्शन चलाच्या व्याख्येतच देण्याची सोय असलेले मॅक्रो होते.

## वर्णने व निर्मितीची साधने

मॅक्रोतील वर्णन सी भाषेच्या टिप्पणीत लिहिलेले असल्याने कंपायलर ते वगळतो. मेक-डॉकफाइल हा छोटा प्रोग्रॅम सर्व सी फाइली वाचून ही वर्णने वेगळ्या फाइलीत गोळा करतो आणि वापरकर्त्याने मागणी केल्यावर ती तेथून दाखवली जातात.

पूर्वी प्रत्येक चलाची सी भाषेतील घोषणा प्रोग्रॅमरला स्वतंत्रपणे लिहावी लागे. 24व्या आवृत्तीपासून मेक-डॉकफाइल डेफव्हार विधानांवरून ग्लोबल्स नावाची शीर्षक फाइल तयार करतो. तिच्यातील एका मोठ्या रचनेत या जागतिक चलांना जागा मिळते आणि व्हीलोड_पाथसारखी नावे त्या रचनेतील घटकांकडे वळवली जातात. व्याख्या एकदाच लिहावी लागत असल्याने घोषणा आणि व्याख्या यांत विसंगती राहत नाही.

## वापरकर्त्याच्या दृष्टीने

डिस्क्राइब-व्हेरिएबल ही आज्ञा दिल्यावर अंगभूत चलाच्या माहितीत ते सी कोडमध्ये व्याख्यित असल्याचा उल्लेख येतो. वापराच्या दृष्टीने अन्य चलांप्रमाणेच सेटक्यूने किंमत देता येते. कस्टमाइझ या मांडणीच्या पडद्यावर अंगभूत चल दिसावे यासाठी कस-स्टार्ट या लिस्प फाइलीत त्याचा प्रकार व गट नोंदवतात, कारण डेफव्हार मॅक्रोत ही माहिती देण्याची सोय नाही.

नवे चल सीमध्ये असावे की लिस्पमध्ये, हे ते कोण वाचणार यावर ठरते. सी कोडला त्याची गरज नसेल, तर लिस्पमधील व्याख्या अधिक सोयीची असते; ती बदलण्यासाठी संपादक पुन्हा कंपाइल करावा लागत नाही.

## डायनॅमिक मॉड्यूल

2016 मधील 25व्या आवृत्तीपासून ईमॅक्स चालू असताना सी भाषेतील बाह्य मॉड्यूल जोडता येतात. डेफव्हार मॅक्रो हे गाभ्याच्या अंतर्गत रचनेशी बांधलेले असल्याने मॉड्यूलांना ते वापरता येत नाहीत. मॉड्यूलच्या अधिकृत जोडणीत चल निर्माण करण्याचे स्वतंत्र फंक्शनही नाही. मॉड्यूल नावावरून सिम्बॉल मिळवते आणि सेट हे लिस्प फंक्शन बोलावून त्याला किंमत देते. अशा चलाची किंमत लिस्पच्या सिम्बॉलमध्येच राहते आणि मॉड्यूलला ती दर वेळी मागून घ्यावी लागते. त्या बदल्यात ईमॅक्सची अंतर्गत रचना बदलली, तरी मॉड्यूल चालू राहू शकते.

## अन्य प्रणालींशी तुलना

विम या संपादकात व्ही या अक्षराने व अपूर्णविरामाने सुरू होणारी चले सी कोडमधील एका तक्त्यात नोंदलेली असतात. सी कोड त्यांची किंमत ठरावीक फंक्शनांनी बदलतो आणि काही चले स्क्रिप्टसाठी केवळ वाचनीय असतात.

टीसीएल भाषेतील टीसीएल_लिंकव्हार हे फंक्शन ईमॅक्सच्या पद्धतीला सर्वाधिक जवळचे आहे. ते सीमधील चलाचा पत्ता व प्रकार घेऊन त्याला टीसीएलच्या चलाशी जोडते. मात्र तेथे दोन स्वतंत्र किमती असतात आणि वाचन-लेखनाच्या वेळी चालणाऱ्या फंक्शनांद्वारे त्या जुळवल्या जातात. लुआ भाषेत अशी जोडणीच नाही. लुआ_सेटग्लोबल हे फंक्शन किंमत लुआच्या जागतिक तक्त्यात ठेवते आणि त्यानंतर सीमधील मूळ चलाशी तिचा संबंध राहत नाही.

## हे सुद्धा पहा

- ग्नू ईमॅक्स
- ईमॅक्स लिस्प
- लिस्प
- सी (प्रोग्रॅमिंग भाषा)
- रिचर्ड स्टॉलमन
- विम (मजकूर संपादक)